निकाल लागला म्हणजे नक्की काय झालं? कायद्याच्या प्राध्यापकांनी बोलायला हवं

पार्लेकर अनघा
(धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या सभेत जे झालं ते इथे मांडते. बऱ्याच जणांच्या इमारतींत हे चालू असेल.

विलेपार्ले पूर्वेला आमची २४ बिऱ्हाडांची जुनी इमारत. पुनर्विकासाचं घोडं चार वर्षं अडलेलं. या वेळी विकासक निवडायची विशेष सर्वसाधारण सभा होती. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे कोरमला दोन तृतीयांश सभासद लागतात आणि ठरावाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती. म्हणजे आम्हाला तेरा सह्या हव्या होत्या. हजर होतो अठरा. उपनिबंधक कार्यालयाचे अधिकारी आलेले, कॅमेरा लावलेला.

सभेच्या अर्धा तास आधी ग्रुपवर एक क्लिप आली. एका वाहिनीची लाल पट्टी: "हायकोर्टाचा दणका, पुनर्विकासाला ब्रेक". खाली कुणीतरी भर घातलेली, "आता सही करणारे रस्त्यावर येणार". दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकट्या राहतात, मुलगा परदेशात. त्यांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "कोर्टानेच नाही म्हटलंय तर मी कशी करू?" त्यांच्या मागोमाग आणखी पाच जणांनी माघार घेतली. राहिलो बारा. एका सहीसाठी सभा वाया गेली.

तळमजल्यावर एक सर राहतात. आयुष्यभर विधी महाविद्यालयात करार आणि राज्यघटना शिकवली, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे सभेला आले नव्हते. मी रागातच ती क्लिप घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी क्लिप बघितलीसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "आदेश कुठाय?"

क्लिपमध्ये त्या दुसऱ्या सोसायटीचं नाव ओझरतं दिसत होतं. सरांच्या नातवाने त्यावरून उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरून आदेश उतरवून छापून आणला. दोन पानं. सरांनी पेन्सिल घेतली आणि परिच्छेदांच्या कडेला खुणा करत गेले. "हे अर्जदाराचं म्हणणं. हे विकासकाचं. या दोन ओळी कोर्टाच्या. आणि हे शेवटचं आहे ना, ती नुसती तारीख आहे."

झालं होतं इतकंच, की विकासकाच्या वकिलांनी उत्तर द्यायला मुदत मागितली. कोर्टाने तीन आठवडे दिले आणि तोवर पाडकाम करू नका असं सांगितलं. वाद होता तिथल्या भाड्याच्या थकबाकीचा. आमच्या इमारतीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुनर्विकास चूक की बरोबर यावर त्या दोन पानांत अवाक्षर नव्हतं.

सरांना हे सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंना खाली बोलावून त्यांनी तीच दोन पानं दाखवली आणि काकू शांतपणे ऐकून घरी गेल्या. पण आमची सभा गेली ती गेलीच. आता परत नोटीस, परत अधिकाऱ्यांची वेळ, परत चित्रीकरण.

तेव्हापासून मनात एकच प्रश्न घोळतोय. टीव्हीवर रोज कायद्याबद्दल बोलायला कोण बसलेलं असतं? पक्षांचे प्रवक्ते. नाहीतर वकील, आणि त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या बाजूने उभे असलेले. ज्याने तीस वर्षं वर्गात कायदा शिकवला, ज्याचा कुणी अशील नाही, ज्याला कुणाचं तिकीट नको, तो माणूस त्या चौकटींमध्ये का दिसत नाही?

११ मे २०२३ आठवा. शिवसेनेच्या फुटीवर घटनापीठाचा निकाल आला आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पेढे वाटले. हे कसं होऊ शकतं, ते सांगायला कुणीच नाही. त्या निकालात एकाच वेळी अनेक गोष्टी होत्या: प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला सांगणं समर्थनीय नव्हतं. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून आधीची स्थिती परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यायचा. आणि नबाम रेबियाचा जुना निकाल (अध्यक्षांना हटवायची नोटीस आलेली असताना त्यांना आमदारांची अपात्रता ठरवता येते का, याबद्दलचा) सात न्यायमूर्तींकडे पाठवला. हे पाच मुद्दे फळ्यावर एकाखाली एक लिहिले असते तरी अर्ध्या महाराष्ट्राला कळलं असतं. त्याऐवजी आम्ही तीन तास भांडणं ऐकली.

पूर्वी असं नव्हतं का? मथुरा खटल्याबद्दल वाचलं तेव्हा मी अक्षरशः थरारले होते. आजच्या गडचिरोलीतल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ ला त्यांना सोडलं. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पोलीस ठाण्यात भीतीने गप्प राहणं आणि संमती देणं यात फरक आहे, हे त्यांनी कायद्याच्याच भाषेत मांडलं. न्यायालयाने निकाल बदलला नाही. पण ते पत्र छापून आलं, मुंबईत बायका एकत्र आल्या, १९८० मध्ये बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात ११४अ कलम आलं: कोठडीतल्या अशा गुन्ह्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ती नव्हती असं धरून चालायचं.

चार मास्तरांच्या एका पत्राची ही ताकद. मग आज आपले प्राध्यापक गप्प का? इथे कुणी कायदा शिकवणारं असेल तर कृपया लिहा.

*

दादरकर

पूर्ण सहमत. ११ मेला मी ऑफिसातून घरी येईपर्यंत तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेगवेगळे निकाल सांगितले होते. तुमचे हे पाच मुद्दे आधी मिळाले असते तर बरं झालं असतं.

*

स्नेहल

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही (मुलुंड) पुनर्विकास चालू आहे, नेमकी हीच क्लिप आमच्या ग्रुपवर आली होती. चेअरमननी काही न बोलता डिलीट केली, त्याने संशय अजूनच वाढला.

*

फोर्टचा वकील

अनघाताई, तळमजल्यावरच्या सरांबद्दल आदर आहे. पण धाग्याचा सूर मला मान्य नाही.

मी ३१ वर्षं हायकोर्टात वकिली करतोय. कायदा पुस्तकात एक असतो आणि बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत) सोळाव्या क्रमांकावर पुकारलेल्या प्रकरणात वेगळा असतो. अंतरिम दिलासा मिळेल की नाही हे कलमावरून नाही कळत. कागदपत्रं कशी लावलीत, उशीर किती झाला, समोरच्याने कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) टाकलंय का, यावरून कळतं. ज्याने कधी सकाळी उठून मेन्शनिंगसाठी, म्हणजे तातडीची सुनावणी मागायला, धाव घेतली नाही त्याने टीव्हीवर बसून "न्यायालयाने असं करायला हवं होतं" म्हणणं सोपं आहे.

दुसरं, वकील बोलत नाहीत असं नाही, आमच्यावर बंधनं आहेत. बार कौन्सिलच्या नियमांतला ३६ वा नियम वाचा. स्वतःच्या प्रकरणाबद्दल वर्तमानपत्रात टिप्पणी पुरवणं किंवा फोटो छापून आणणं हा गैरवर्तनाचा भाग आहे. जे चांगले वकील आहेत ते या नियमामुळे गप्प बसतात, म्हणून तुम्हाला बाकीचे दिसतात.

आणि तिसरं: फी घेत नाही म्हणून माणूस तटस्थ असतोच असं मला वाटत नाही. प्राध्यापकांनाही मतं असतात, आणि ती अशिलाच्या मतांपेक्षा घट्ट असतात. अशील बदलतो तेव्हा मी निदान दुसऱ्या बाजूने विचार करायला शिकतो.

*

विधिमास्तर

अनघा यांनी हाक मारली आहे म्हणून लिहितो. बावीस वर्षं मुंबईत कायदा शिकवतो आहे. आता पूर्णवेळ आहे, त्यामुळे वकिली करता येत नाही. (वकिली करणाऱ्याला अर्धवेळ शिकवता येतं, दिवसाला तीन तासांच्या आत, असा १९७९ चा नियम आहे. उलटं चालत नाही.) फोर्टच्या वकीलसाहेबांचा पहिला मुद्दा म्हणूनच मला बोचतो आणि पटतोही. व्यवस्थेनेच शिकवणारा आणि लढणारा असे दोन कप्पे केले आहेत. चर्चगेटचं सरकारी विधी महाविद्यालय १८५५ चं, आशियातलं सर्वांत जुनं. तिथे पूर्वी सकाळी शिकवून लोक हायकोर्टात जात. डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य झाले, ते वकिली करणारे बॅरिस्टरच होते. नानी पालखीवालांनीही तिथे शिकवलं. त्या पिढीला हा "पुस्तकी" आरोप कुणी केला नसता.

तुम्ही विचारलंत, गप्प का. खरी कारणं सांगतो.

एक म्हणजे भीती, आणि ती अवमानाची कमी, नोकरीची जास्त आहे. अवमानाचा कायदा १९७१ चा आहे, त्याचं ५ वं कलम स्पष्ट म्हणतं की अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही. २००६ पासून सत्य हाही बचाव आहे. म्हणजे निकालावर बोलायला कायदा मोकळीक देतो. पण सरकारी महाविद्यालयातल्या शिक्षकाला १९७९ चे वर्तणूक नियम लागू होतात, सरकारी धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. आणि आज महत्त्वाचा असा कुठला खटला आहे ज्यात एका बाजूला सरकार नाही? खासगी संस्थेत नियम नसतो, तिथे व्यवस्थापनाचा फोन येतो. मला एकदा आला होता. लेख होता आरक्षणाच्या निकालावर, त्यात मी फक्त १९९२ च्या इंद्रा साहनीतली ५० टक्क्यांची मर्यादा कुठून आली ते समजावलं होतं. दोन दिवस झोप लागली नाही. त्यानंतर वर्षभर काही लिहिलं नाही, हे सांगताना वाईट वाटतं.

दुसरं, मराठी दैनिकातल्या लेखाला आमच्या बढतीच्या हिशोबात काडीची किंमत नाही. इंग्रजी नियतकालिकात वीस तळटीपांचा लेख लिहिला, जो चार जण वाचतील, तर गुण मिळतात. लाखभर माणसांना समजेल असं मराठीत लिहिलं तर "लोकप्रिय लेखन" म्हणून बाजूला.

पण अनघा, मला मथुरा पत्रासोबत आणखी एक उदाहरण ठेवायचं आहे, कारण टीव्हीवर बसण्यापलीकडेही प्राध्यापकाचं काम असतं. पुण्याच्या गोखले संस्थेत डॉ. डी. सी. वाधवा होते. अर्थशास्त्राचे, कायद्याचे नव्हेत. बिहारमधल्या जमिनीचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे कायदे विधानसभा करतच नाही, राज्यपालांचे अध्यादेश पुन्हा पुन्हा काढले जातात. त्यांनी बसून मोजलं. १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश, त्यातले काही चौदा-चौदा वर्षं जिवंत ठेवलेले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयाने या प्रकाराला घटनेची फसवणूक ठरवलं. वाधवांना १०,००० रुपये खर्च द्या असाही आदेश दिला. हे कुठल्याही वकिलाच्या हातून झालं नसतं, कारण कुठल्याही अशिलाला २५६ अध्यादेश मोजून घेण्यात रस नव्हता. अशिलाला आपला एक अध्यादेश रद्द झाला की पुरतं. सगळी रांग बघायला पगारी, सवड असलेला, चिकाटीचा मास्तरच लागतो.

आपल्या घटनाकारांनाही हे माहीत होतं. १२४ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती व्हायला तीन वाटा दिल्या आहेत. तिसरी वाट विख्यात विधिज्ञाची. त्या वाटेने आजवर एकही जण आत गेलेला नाही.

आता प्रलंबित प्रकरणांबद्दल माझी स्वतःची शिस्त. मी निकाल काय लागेल ते कधीच सांगत नाही. प्रश्न काय आहे ते सांगतो. ताजं उदाहरण: १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पोलीस कोठडी जास्तीत जास्त पंधरा दिवस, हे जुनंच. पण १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालाप्रमाणे ती अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच घेता येत होती. नवीन १८७ व्या कलमात ती तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही घेता येते. साध्या माणसासाठी याचा अर्थ काय? तुमचा भाऊ न्यायालयीन कोठडीत गेला, तुम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि तीन आठवड्यांनी पोलीस त्याला पुन्हा ताब्यात मागू शकतात. जामिनाच्या अर्जाचं गणितच त्यामुळे बदलतं. हे सांगायला कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. जुनं कलम आणि नवीन कलम शेजारी शेजारी ठेवलं की पुरे. त्या जुलैत माझ्या गल्लीतल्या लोकांना एवढंच माहीत होतं की दंडसंहितेतलं फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं.

*

मंदार

अप्रतिम प्रतिसाद. वाधवांचं नाव पहिल्यांदाच ऐकलं, आणि मी पुण्यात गोखले संस्थेच्या मागच्या रस्त्यावर सहा वर्षं राहिलोय.

*

जुना वार्ताहर

मी एका मराठी दैनिकासाठी बरीच वर्षं हायकोर्ट सांभाळलं, आता निवृत्त. दणका, चपराक, ताशेरे, कानउघाडणी या चार शब्दांवर आमचं अर्धं पान चालायचं. त्यामागचं कारण सांगतो, समर्थन करत नाही.

साडेचारच्या सुमारास कोर्ट उठतं. सातला बातमी द्यायची. लेखी आदेश कधी रात्री उशिरा चढतो, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. मग हातात असतं काय? न्यायमूर्ती सुनावणीत बोलले ते. आणि न्यायमूर्ती सुनावणीत वकिलाला तपासून बघायला बोलतात, अगदी उलट बाजूचेही प्रश्न विचारतात. ते त्यांचं मत नसतं. आम्ही मात्र तेच मथळ्यात घालायचो. तो मथळा आणि आदेश यांत विसंगती निघाली तर आदेशाची बातमी तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन परिच्छेद.

सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२१ ला यावरच निकाल दिला आहे. मद्रास उच्च न्यायालयाने करोनाच्या दुसऱ्या लाटेत निवडणूक आयोगाबद्दल फार कठोर उद्गार काढले होते, खुनाचा गुन्हा नोंदवायला हवा इथपर्यंत. आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, तोंडी शेऱ्यांच्या बातम्या थांबवा म्हणून. न्यायालयाने बातम्या थांबवायला नकार दिला, आणि मला तो नकार योग्यच वाटतो. पण त्याच वेळी हेही सांगितलं की तोंडी शेरे हा आदेशाचा भाग नसतो. दुसरं वाक्य किती जणांनी छापलं?

अनघाताईंच्या प्रश्नाला माझ्याकडून उत्तर: प्राध्यापक मिळायचे नाहीत असं नाही. मी फोन करायचो. सर म्हणायचे, "आदेश वाचून उद्या सांगतो." आमच्याकडे उद्या नव्हता. ज्याने "आदेश वाचलेला नाही पण" म्हणून सुरुवात केली त्याचं नाव छापून आलं. आज मागे वळून बघताना याचं फार वाईट वाटतं, कारण "उद्या सांगतो" म्हणणारेच खरे होते.

*

केतकी_चर्चगेट

मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मास्तर आणि वार्ताहर दोघांचं वाचून लिहावंसं वाटलं.

माझे बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत. रोज पेपरातली कोर्टाची बातमी कापून ठेवतात आणि मी रात्री आले की विचारतात, "हे काय?" त्यातून मला कळलं की गोंधळ ठरावीक तीन-चार जागीच होतो.

"याचिका फेटाळली." पुष्कळदा आदेशात लिहिलेलं असतं की याचिका मागे घेतली, म्हणून निकाली, आणि योग्य त्या ठिकाणी दाद मागायची मुभा. म्हणजे वकिलाला दिसलं की इथे काम होत नाही, त्याने मागे घेतली. माणूस हरलेला नसतो. बातमीत हरलेला असतो.

"सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं." विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपील करायची परवानगी मागणारा अर्ज) कारण न देता एका ओळीत नाकारली जाते तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खालच्या निकालाला बरोबर ठरवलेलं नसतं. आम्ही हे प्रकरण ऐकायला घेत नाही, इतकंच म्हटलेलं असतं. २००० सालच्या कुन्हायम्मद निकालात हे नीट समजावलं आहे. बाबांना मी असं सांगितलं: डॉक्टरांनी तुम्हाला तपासलंच नाही, तर तब्येत चांगली आहे असं त्यांनी म्हटलं असं होत नाही. ते त्यांना लगेच पटलं.

आणि "स्थगिती". पुढच्या तारखेपर्यंतची, सुनावणी संपेपर्यंतची, अपिलाचा निकाल लागेपर्यंतची, तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द छापतात. अनघाताईंच्या काकूंचं पेन त्या एका शब्दाने खाली ठेवलं गेलं.

मला आमच्या एका मॅडमबद्दल सांगायचं आहे. मोठा निकाल आला की दुसऱ्या दिवशी त्या तास घेत नाहीत, निकालाच्या प्रती वाटतात. प्रत्येकाने एकच वाक्य शोधायचं: ज्या वाक्यावाचून निकाल उभाच राहणार नाही ते. बाकी सगळं शेरा. पहिल्यांदा मला दीड तास लागला आणि मी चुकीचं वाक्य काढलं. हा तास कॅमेऱ्यासमोर, मराठीत झाला तर मी शपथेवर सांगते, बाबा आणि त्यांचे सगळे मित्र बघतील. पण मॅडम मराठीत बोलताना अडखळतात, कारण त्यांनी स्वतः सगळं इंग्रजीतून शिकलंय. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून निकालांचे मराठी अनुवाद देतंय, त्याने शब्द हळूहळू रुळतील. पण अनुवाद वाचूनही "मग माझं काय?" हे सांगणारा माणूस लागतोच.

*

फोर्टचा वकील

केतकी, तुझं डॉक्टरांचं उदाहरण मी उद्या एका अशिलाला सांगणार आहे.

मास्तर, वाधवांच्या बाबतीत तुमचं खरं आहे, माझ्या अशिलाने मला ते काम कधीच दिलं नसतं. माझा तिसरा मुद्दा मात्र उभाच आहे. दोन प्राध्यापकांनी एकाच निकालाबद्दल उलटसुलट सांगितलं तर लोकांनी कुणाचं ऐकायचं?

*

विधिमास्तर

दोघांचंही ऐकायचं, आणि प्रत्येकाने आपलं बोलणं कुठे संपतं आणि कोर्टाचं कुठे, हे दाखवलं पाहिजे. अनघांच्या सरांनी पेन्सिलने तेच केलं: हे याचं, हे त्याचं, हे कोर्टाचं. त्यात चौथी खूण हवी, हे माझं. ती खूण न करता जो बोलतो त्याच्याबद्दल तुमची शंका योग्य आहे, मग तो प्राध्यापक असो की कुणी.

आणि मत बदललं तर तेही सांगायचं. एच. एम. सिरवईंचं उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तुमच्याच कोर्टाचे. महाराष्ट्राचे महाधिवक्ता. केशवानंद भारतीत केरळ सरकारच्या बाजूने उभे राहून त्यांनी सांगितलं की संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही. २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ मतांनी ते हरले. मग आणीबाणी आली. पुढे स्वतःच्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी मूलभूत संरचनेचा सिद्धांत (घटनेचा मूळ गाभा संसदेलाही बदलता येत नाही, हा) बरोबर मानला, आणि का ते विस्ताराने लिहिलं. इतक्या मोठ्या माणसाने स्वतःचा युक्तिवाद सगळ्यांसमोर खोडला. माझ्या विद्यार्थ्यांना मी भाष्यकार म्हणून त्यांच्याकडे बघायला सांगतो, ते या एका कारणासाठी.

*

फोर्टचा वकील

सिरवईंवर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या सिनियरांनी मला पहिल्या दिवशी त्यांचेच खंड हातात दिले होते.

*

पार्लेकर अनघा

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. वार्ताहर काका, तुमचा "उद्या सांगतो" वाचून मी सरांकडे गेले आणि त्यांना तो वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मलाही असे फोन यायचे.

मास्तर, तुमची भीती समजते. पण एक विचारू? टीव्ही नको, पेपर नको, व्यवस्थापनाला कळायचं कारण नाही. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात पंचवीस खुर्च्या आहेत. सरांनी होकार दिलाय, महिन्यातून एका रविवारी, सकाळी दहाला, एकच निकाल वाचायचा. पेन्सिली आम्ही देऊ. तुम्ही आलात तर सरांना सोबत होईल, त्यांचा आवाज आता लवकर बसतो.

पहिला निकाल सुभाष देसाईचाच घेऊ म्हणतात, म्हणजे ११ मेचा. शंभराहून जास्त पानं आहेत, पण शेवटचे निष्कर्ष आधी वाचायचे आणि मग मागे जायचं, असं त्यांनी ठरवलंय.

*

विधिमास्तर

येतो. पण पहिल्या रविवारी घटनापीठ नको. काकू येणार असतील तर आधी तो दोन पानी आदेशच पुन्हा घ्या, सगळ्यांच्या हातात प्रत देऊन. लोकांना आदेशाची रचना एकदा दिसली की मोठ्या निकालात वाट सापडते. पहिल्या पानावर पक्षकारांची नावं कशी वाचायची, न्यायमूर्तींच्या नावाखालची तारीख कोणती, तिथपासून सुरू करू.

*

केतकी_चर्चगेट

मी प्रती काढून आणते, कॉलेजजवळ स्वस्त पडतात. पंचवीस की तीस? बाबांना आणलं तर चालेल ना?

*

पार्लेकर अनघा

तीस काढ. बाबांना नक्की आण. काकू येते म्हणाल्यात, त्यांच्यासाठी एक प्रत मोठ्या अक्षरात काढशील का?